आठ आकडे

काट्यावर चढण्याआधी शुद्धोधननं शर्ट काढला, पँट काढली, मोजे काढले, आणि तरीही काटा एकसष्ट किलो पाचशे दाखवत होता. आयोजकांचा मॅनेजर बत्रा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. त्यानं मान वर न करताच सांगितलं, "तीन सौ ग्राम ज्यादा है."

"चड्डी किती ग्रॅमची असन बे?" शुधानं मला विचारलं.

"शंभराची."

"अन् इज्जत?"

"थे तर तू अकोल्यातच ठेवून आला."

तो हसला. मी मात्र मनातून घाबरलो होतो. घाम काढायचं माझं प्लॅस्टिकचं जॅकेट मी त्याला चढवलं, वरून माझा स्वेटर घातला, आणि एप्रिलच्या उन्हात आम्ही त्या लॉन्सला चकरा मारायला लागलो. पुण्याबाहेरचं ते लग्नाचं लॉन्स होतं. मध्ये रिंग उभी राहत होती आणि नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या एका कोपऱ्यात उलट्या करून ठेवल्या होत्या. चाळीस मिनिटं पळालो. पळता पळता शुधा एका बाटलीत थुंकत होता. थुंकीचंही वजन असतं, हे बॉक्सरला सांगावं लागत नाही. परत आलो, मी टॉवेल आडवा धरला, त्यानं उरलेली चड्डीही काढली, आणि काटा एकसष्ट एकशे पन्नासवर थांबला. मर्यादा एकसष्ट दोनशेची. बत्रानं मान हलवली. मी शुधाला मिठीच मारली, टॉवेलसकट.

बघणाऱ्याला वाटलं असतं, काय हा कोच आपल्या पोरासाठी जीव टाकतोय. मी त्याचा कोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी साडेचार वाजता माझी त्याच्याशीच लढत होती.

आम्ही दोघं तेरा वर्षांचे असताना अकोल्यात खंडारे सरांच्या क्लबात गेलो. क्लब म्हणजे कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगचं शेड, एक रिंग आणि चार फाटक्या बॅगा. सर पाटबंधारे खात्यात कारकून होते. सकाळी पोरांना पळवायचे, दिवसभर फायली सरकवायचे, संध्याकाळी परत शेडमध्ये. लग्न केलं नव्हतं. "एवढी पोट्टी हायेत, अजून कायले?" असं म्हणायचे.

सरांचे दोन कायदे होते. एक, स्पर्धेला जाताना एका वजनात क्लबातले दोघं उतरवायचे नाहीत. घरच्याच दोघांनी एकमेकांची थोबाडं फोडायची आणि बाकीच्या जिल्ह्यांनी टाळ्या वाजवायच्या, हे त्यांना मंजूर नव्हतं. मी आणि शुधा, दोघांचंही अंग बासष्ट किलोचं. दोघांचीही जागा साठ किलोत, म्हणजे लाइटवेटमध्ये. सरांनी एक दिवस दोघांना शेजारी उभं केलं, वर-खाली पाहिलं आणि मला म्हणाले, "उत्तम, तू सत्तावनले जाय."

मी गेलो. सत्तावनला जाणं म्हणजे पाच किलो उतरवणं, दर स्पर्धेला, सहा वर्षं. आमच्या हौशी स्पर्धांत लढतीच्या दिवशी सकाळी वजन होतं, त्यामुळे उपाशीपोटी उतरवायचं आणि उपाशीपोटीच लढायचं. मी ओला फडका चोखून रात्री काढल्या आहेत. दुसऱ्या लढतीपर्यंत माझे पाय कापसाचे व्हायचे आणि मी हरायचो. शुधाला साठसाठी दोनच किलो उतरवावे लागत, तो जेवूनखाऊन लढायचा. राज्याची तीन सुवर्णं, राष्ट्रीय स्पर्धेत एक कांस्य, आणि त्याच्या जोरावर खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नोकरी. तो माझ्यापेक्षा चांगला बॉक्सर होता, सरांनी बरोबरच निवड केली होती. पण बरोबर होती म्हणूनच ती मला जास्त लागली. मी कधी बोललो नाही. मूग गिळून बसलो.

सरांचा दुसरा कायदा रिंगमधला. हौशी बॉक्सिंगमध्ये एखाद्याला जबर फटका बसला, तो पडला नाही पण हलला, तर रेफ्री लढत थांबवतो आणि तो उभा असतानाच आठपर्यंत मोजतो. तेवढ्या वेळात डोकं ठिकाणावर येतं. सर म्हणायचे, "मार लागला का शहाणपना करू नका. एक पाऊल मागं, हात खाली, रेफ्रीकडे पाहा. थो आठ मोजन. थे आठ आकडे फुकटचे हायेत, घेऊन घ्या." रोज संध्याकाळी ते आमच्याकडून याचा सराव करून घेत. फटका, पाऊल मागं, हात खाली, नजर रेफ्रीकडे. बाकी जिल्ह्यांतली पोरं आम्हाला चिडवायची की अकोल्याच्या पोराला मारलं की तो मास्तरकडे तक्रार करतो. चिडवेनात का. सरांच्या हाताखालचा एकही पोरगा कधी बेशुद्ध होऊन रिंगबाहेर आला नाही.

पंचविसाव्या वर्षी मी व्यावसायिक झालो. पोलीस भरतीत दोनदा लेखी परीक्षेत राहिलो होतो. पुण्यात एका जिममध्ये लोकांनी इकडेतिकडे टाकलेली डंबेल्स उचलून जागेवर ठेवायचं काम करत होतो. व्यावसायिक लढतींत लाइटवेटची मर्यादा एकसष्ट दोनशे, आणि वजन आदल्या दिवशी. आयुष्यात पहिल्यांदा मी जेवून लढणार होतो. दिल्लीतल्या पहिल्याच लढतीत दुसऱ्या फेरीत मी आडवा झालो. उठलो, सावरलो आणि गुणांवर हरलो. आडवा कसा झालो हे मी अकोल्यात कोणालाही सांगितलं नाही, लाज वाटली. नंतरच्या तीन लढती जिंकलो.

मग बत्रानं हा सहा फेऱ्यांचा मुकाबला लावला. जिंकलास तर तीन वर्षांचा करार, परदेशात सराव, वर्षाला चार लढती. हरलास किंवा लढत झालीच नाही, तर दुसरा लाइटवेट त्यांनी हेरून ठेवलाच होता. मी सत्तावीसचा होतो. आणि लढतीच्या चार दिवस आधी माझ्या हरियाणवी प्रतिस्पर्ध्याला कावीळ झाली.

"बंदा लाओ," बत्रा म्हणाला. "नहीं तो कैन्सल."

मी शुधाला फोन लावला.

"माह्याशी लढशील का बे?"

"भांडन झालं का आपलं?" त्यानं विचारलं.

मी सगळं सांगितलं. पलीकडे प्लॅटफॉर्मवरची घोषणा चालू होती. ती संपल्यावर तो म्हणाला, "तुह्या करारासाठी लागते?"

"हो."

"मंग येतो. सुट्टी टाकतो. मायाले सांगतो पुन्याले लग्न हाय."

त्यानं बायकोला लग्न सांगितलं आणि तो लग्नाच्याच लॉन्सवर आला, म्हणजे तसं खोटंही नव्हतं.

वजन झाल्यावर नियमांची बैठक होती, नवरीच्या खोलीत. भिंतभर आरसा आणि त्याभोवती दिवे. आरशासमोर आम्ही आठ बॉक्सर बसलो. रेफ्री बंगळूरचा होता, तो भरभर इंग्रजीत बोलला. बोटं मोजत सात मुद्दे सांगितले, मग कोणाला काही शंका आहे का असं विचारलं. इंग्रजीला शुधा शाळेपासून पाठ दाखवत आला होता. त्यानं मला कोपर मारलं.

"काय म्हनला बे थो?"

"कमरेखाली मारायचं नाई. डोकं लावायचं नाई. ब्रेक म्हनला का सुटायचं. सहा फेऱ्या, तीन-तीन मिनिटांच्या. डोक्याले गार्ड नाई, ग्लोव्हज लहान."

"अन्?"

"बाकी काई नाई. नेहमीचंच."

"बरं," तो म्हणाला आणि उठला.

मग आम्ही जेवायला गेलो. वजन आज आणि मार उद्या, मध्ये चोवीस तास खायचे, ही गोष्ट शुधाला इतकी आवडली की तो मेसवाल्याला चार चार वेळा सांगत होता. भाकरी, पिठलं, वर दोन वाट्या भात. खाताना मध्येच थांबला.

"उत्तम, एक सांगतो. मी पडून नाई देनार."

"मी कुठं म्हनलो?"

"तू नाई म्हनला. पन तुह्या मनात आलं असन का हा आपल्यासाठी आला, मंग जरा सोडून देईन. तसं नाई जमत मले. सर येऊन राह्यले उद्या. त्याईच्या समोर खोटं नाई खेळत."

"खेळू नको."

"तू जिंकला पाहिजे असं वाटते मले. पन जिंकाले तुलेच लागन."

मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. हा माणूस माझ्यासाठी सुट्टी टाकून आला होता, बायकोशी खोटं बोलला होता, चाळीस मिनिटं उन्हात तळला होता, आणि उद्या तो मला हरवणार होता. कारण तो चांगला होता, मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. जगात चीड आणणाऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत, पण चांगल्या मित्राइतकी चीड कशाचीच येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले. हातात पिशवी, पिशवीत आमच्या दोघांसाठी लाडू. मला वाटलं होतं, ते खाली प्रेक्षकांत बसतील. ते थेट शुधाच्या खोलीत गेले आणि त्याच्या हाताला पट्टी बांधायला लागले. मी दारात उभा होतो. त्यांना ते कळलं असावं.

"तुह्या कोपऱ्यात पगारी मानसं हायेत, बाबा," ते म्हणाले. "याच्या कोपऱ्यात कोन हाय?"

बोलणं सरळ होतं, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणालो, "बराबर हाय, सर."

"नियम कळले का रे शुधा?" त्यांनी विचारलं. "हे वेगळं असते म्हनतात."

"उत्तमनं सांगितले सगळे."

"मंग झालं," सर म्हणाले आणि पट्टीचं टोक दातानं फाडलं.

साडेचारला ऊन तिरपं येत होतं. दीड-दोनशे माणसं असतील, निम्मी मंडपवाल्यांचीच. पहिल्या फेरीतच मला कळून चुकलं. शुधाचा डावा हात चौदा वर्षांपूर्वी होता तसाच होता, दिसेपर्यंत लागलेला असायचा. तो आत यायचा, दोन मारायचा आणि मी हात उचलेपर्यंत निघून गेलेला असायचा. दुसरी फेरी त्याची. तिसरी त्याची. चौथीत माझी भुवई फुटली. माझ्या कोपऱ्यातला माणूस कानात ओरडत होता की आता गुणांवर काही खरं नाही, आडवा कर. समोरच्या कोपऱ्यात सर शांतपणे शुधाच्या छातीवरून ओला हात फिरवत होते. बत्रा घड्याळ बघत होता. माझा करार त्याच्या तोंडावर संपलेला दिसत होता.

पाचव्या फेरीत शुधा थोडा दमला. तीन मिनिटांच्या सहा फेऱ्या त्याच्या छातीला नव्या होत्या. तो आत आला, बाहेर निघायला अर्धा क्षण उशीर केला, आणि माझा डावा हूक त्याच्या जबड्यावर बसला. चांगला बसला. त्याचे गुडघे हलले.

त्यानं एक पाऊल मागं टाकलं. दोन्ही हात खाली घेतले. आणि मान वळवून रेफ्रीकडे पाहिलं.

मी ते पाहिलं. माझ्याइतकं स्पष्ट तिथं कोणीच पाहिलं नसेल, कारण तेच पाऊल मी हजार वेळा टाकलं होतं. दिल्लीतल्या माझ्या पहिल्या लढतीतही मी तेच केलं होतं. हात खाली घेऊन आठ आकड्यांची वाट बघत उभा राहिलो होतो, आणि समोरच्यानं मला झोपवलं होतं. व्यावसायिक लढतीत उभ्याउभ्या मोजणी नसते. पडलात तर मोजतात, उभे असाल तर लढत चालू असते. आदल्या दिवशी नवरीच्या खोलीत रेफ्रीनं जे सात मुद्दे सांगितले त्यातला पाचवा हाच होता. शुधानं "अन्?" विचारलं तेव्हा तोच माझ्या जिभेवर होता.

विसरलो असतो तर मी आज सुखानं झोपलो असतो. मी विसरलो नव्हतो. मी तो गिळला.

त्या क्षणीही मला थांबता आलं असतं. तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. रेफ्रीकडे बघत होता, शाळेतलं पोरगं गुरुजींकडे बघतं तसा. मला सरांची किंकाळी ऐकू आली, "शुधा, हात!" मी उजवा हात खांद्यापासून फिरवला.

तो सरळ मागे गेला. डोक्याला गार्ड नव्हतं. लाकडी फळ्यांवर कापड ताणलेलं होतं, आणि त्यावर त्याचं डोकं आपटल्याचा आवाज मी पुन्हा कधी कुठं ऐकला नाही. रेफ्रीनं मोजायला सुरुवात केली आणि चारवरच थांबला. त्यानं माझा हात वर केला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि बत्रा पहिल्यांदाच हसत होता. मीही जिंकलो म्हणून ओरडलो. हे मी कोणाला सांगत नाही, पण ओरडलो.

शुधाच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी कवटी उघडून ऑपरेशन केलं. त्याची बायको माया दुसऱ्या दिवशी आली. ती माझ्यावर ओरडली नाही, फक्त मला विचारत राहिली, "कोनाचं लग्न होतं, भाऊजी?" बाराव्या दिवशी तो बोलायला लागला, एकेक शब्द वेगवेगळा उचलून ठेवावा तसा. डावा हात आणि डावा पाय मागेच राहिले.

सर त्या बारा दिवसांत हॉस्पिटलच्या बाकावरून उठले नव्हते. शुधाला बोलता येतंय म्हटल्यावर ते आत गेले. मीही होतो. त्यांनी त्याचा हात धरला आणि विचारलं, "शुधा, यानं तुले सांगितलं नव्हतं का रे, का उभ्यानं मोजत नाई म्हनून?"

शुधा छताकडे बघत होता.

"सांगितलं. होतं," तो म्हणाला. "मीच. विसरलो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं होतं?"

"हो, सर," मी म्हणालो.

ते खाली बसले. "म्हनजे मीच मारलं याले," ते म्हणाले. "चौदा वर्षं मीच शिकवलं, हात खाली घे म्हनून. एका दिवसाचं सांगनं काय टिकनार त्याच्यासमोर?" आणि ते माझ्यासमोर रडले. पासष्ट वर्षांचा माणूस, दोन्ही हातांनी तोंड झाकून. एक वाक्य बोललो असतो तर ते रडणं थांबलं असतं. मी पाणी आणायला बाहेर गेलो.

मी करारावर सही केली. पुढच्या सात वर्षांत एकोणीस लढती लढलो, बारा जिंकलो. वर्तमानपत्रांत दोनदा फोटो आला. अकोल्यात शेडला कुलूप लागलं. सरांनी बॅगा भंगारात दिल्या, आणि कोणी पोरगा दारात आला तर ते त्याला परत पाठवायचे. "माह्या हाताले दोष हाय," असं सांगायचे.

ते ऐकून मला राहवेना. तेव्हा लढत होऊन अकराच महिने झाले होते. मी अकोल्याला गेलो, आधी शुधाकडे. रेल्वेनं त्याला बसून करायचं काम दिलं होतं. तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता, डाव्या हाताच्या मुठीत चेंडू, तो दाबायचा प्रयत्न करत. मायानं चहा ठेवला आणि ती आत गेली.

"शुधा," मी म्हणालो, "तुले मी सांगितलं नव्हतं."

"माईत हाय. मले," तो म्हणाला. "डोकं फुटलं. गेलं नाई."

"मंग सरांसमोर खोटं काऊन बोलला?"

त्यानं चेंडू मांडीवर ठेवला. आता त्याला वाक्य पुरं करता येत होतं, फक्त वेळ लागायचा. त्याचं उत्तर येईपर्यंत मला दम धरवला नाही.

"मी आता सरांकडेच चाललो," मी म्हणालो. "सांगून टाकतो. त्याईच्या डोक्यावरचं वझं तरी जाईन."

"नको."

"थे सोताले दोष देऊन राह्यले, शुधा."

"देऊ दे. म्हातारा हाय, दोष सोसन." त्यानं श्वास घेतला. "त्याईले वाटते, आपला एक पोट्टा गेला. दुसरा तरी धड हाय. तू जाऊन सांगितलं, तं दोन्ही जातीन."

मी गेलो नाही. शुधानं सांगितलं म्हणून गेलो नाही, असं मी स्वतःला समजावत आलो आहे. पण त्याच्या तोंडून "नको" निघालं तेव्हा मला जे वाटलं ते हायसंच होतं.

सर त्यानंतर सहा वर्षं जगले. मी त्यांना भेटायला जात राहिलो, आणि दर वेळी निघताना ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "तुही काई चूक नाई, उत्तम."